बोलण्यात अडचण असलेले शाळकरी मूल : इंदूरच्या मराठी घरांसाठी आणि शिक्षकांसाठी

इंदुरातल्या मराठी घरातले सहा-सात वर्षांचे मूल रोज तीन भाषांत वावरते : आजीशी मराठी, गल्लीत आणि व्हॅनवाल्या काकांशी हिंदी, वर्गात इंग्रजी. अशा मुलाचे बोलणे अस्पष्ट असले, वाक्ये तुटक असली किंवा ते अडखळत असले, तर घरची मंडळी बहुधा दोहोंपैकी एक मार्ग धरतात. ‘मोठा झाला की आपोआप बोलेल’ म्हणून वाट पाहतात, नाही तर आठवड्यातून दोनदा अर्धा तास स्पीच थेरपीला नेऊन आणतात आणि बाकी सगळे थेरपिस्टवर सोपवतात. पहिल्या मार्गाने मोलाची वर्षे जातात आणि दुसऱ्याने पैसे खर्चूनही पदरात थोडेच पडते, कारण आठवड्यातला तो एक तास सोडला तर मूल ज्यांच्याशी बोलते ती माणसे घरातली आणि वर्गातली असतात. थेरपिस्टने दाखवलेली रीत त्या बोलण्यात उतरली तरच टिकते. ती कशी उतरवावी, हे पालकांना आणि शिक्षकांना उपयोगी पडेल अशा तपशिलाने पुढे मांडले आहे.

आधी कान

बोलण्याची कोणतीही तक्रार असली तरी पहिली तपासणी श्रवणाची असावी, मग घरच्यांना ‘त्याला सगळं ऐकू येतं’ अशी कितीही खात्री असो. दार आपटल्याचा किंवा कुकरच्या शिटीचा आवाज ऐकू येणे वेगळे आणि स, श, फ, ख यांसारखे मंद ध्वनी वेगवेगळे ऐकू येणे वेगळे. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचू शकते. त्यात कान दुखतोच असे नाही, पण ऐकणे कमी-जास्त होत राहते. या आठवड्यात नीट ऐकणारे मूल पुढच्या आठवड्यात हाक मारली तरी वळत नाही, आणि आपण त्याला लक्ष नसल्याबद्दल रागावतो. टीव्हीचा आवाज वाढवणे, सारखे ‘काय?’ विचारणे, तोंडाकडे पाहिल्याशिवाय न समजणे, तोंड उघडे ठेवून झोपणे ही लक्षणे दिसली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. पाच वर्षांचे मूल साधारणपणे हेडफोन लावून श्रवणचाचणीला बसू शकते. लहान मुलांची चाचणी खेळातून होते.

जिभेला वेखंड उगाळून लावणे किंवा मध चाटवणे यामुळे बोलणे सुधारत नाही. जिभेखालची तार आखूड आहे म्हणून मूल बोलत नाही, हा समजही फार पसरलेला आहे. ती तार काही मुलांच्या थोड्या उच्चारांच्या आड येत असेल, परंतु शब्दच कमी असणे किंवा वाक्य न जुळणे यांच्याशी तिचा संबंध नसतो, आणि केवळ त्या आशेने शस्त्रक्रिया करून घेऊ नये.

दोष कोणता आणि शेजारच्या भाषेची छाया कोणती

इंदूरचे मूल ‘माझी पुस्तक कुठे आहे?’ असे म्हणते, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे आणि नपुंसकलिंग तर हिंदीत नाहीच. ‘मैंने’च्या धर्तीवर ते ‘मीने पोळी खाल्ली’ म्हणते. ‘वेळ’ला ‘वेल’ आणि ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणते, कारण त्याच्या कानावर दिवसभर पडणाऱ्या हिंदीत ळ नाही. हे भाषिक दोष नव्हेत. घरात वडीलही ‘वेल’च म्हणत असतील, तर त्या मुलाला ळ शिकवण्यासाठी थेरपी लावणे अन्यायाचे आहे. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी हसून टोकल्यामुळे मूल मराठी बोलणेच सोडून देते, असे आपल्याकडे फार वेळा घडते, आणि ते नुकसान ळ न येण्यापेक्षा कितीतरी मोठे आहे.

खरी अडचण ओळखण्याची खूण अशी की ती मुलाच्या सर्व भाषांत दिसते. मराठीत ‘काका’ला ‘ताता’ म्हणणारे मूल हिंदीत ‘किताब’लाही ‘तिताब’ म्हणत असेल, किंवा कोणत्याच भाषेत त्याला घडलेली गोष्ट क्रमाने सांगता येत नसेल, तर ती तपासण्याजोगी बाब आहे. म्हणून केवळ इंग्रजीतून झालेल्या तपासणीवर विसंबून राहू नये. मूल घरी कसे बोलते ते मराठीत, मित्रांशी कसे बोलते ते हिंदीत, असे दोन्ही थेरपिस्टने ऐकलेच पाहिजे.

‘घरात एकच भाषा बोला, मुलाचा गोंधळ होतो’ हा सल्ला आजही दिला जातो, आणि तो ऐकला की मनाला फार लागते. कारण त्याचा पहिला बळी आजी-आजोबांची मराठी असते. दोन-तीन भाषा ऐकल्याने बोलायला उशीर होत नाही, तोतरेपणा येत नाही, आणि ज्याला मुळातच भाषेची अडचण आहे त्याची अडचण त्यामुळे वाढतही नाही. आईला जी भाषा सहज येते, जिच्यात ती रागावू शकते, समजावू शकते आणि गोष्ट रंगवू शकते, त्याच भाषेत तिने बोलावे. कामचलाऊ इंग्रजीतून दिलेल्या सूचनांनी मुलाची भाषा समृद्ध होत नाही.

उच्चारांचे काम

प्रथम वयाचा हिशोब ध्यानात घ्यावा. दोन-तीन वर्षांच्या मुलाने क ऐवजी त म्हणणे स्वाभाविक आहे. चार वर्षे उलटून गेल्यावर ते राहू नये. र आणि जोडाक्षरे स्थिर व्हायला त्याहून जास्त काळ लागतो, त्यामुळे चार वर्षांच्या मुलाच्या मागे ‘राम म्हण, लाम नको’ असा लकडा लावण्याचे कारण नाही. चौथ्या वर्षाच्या सुमारास अनोळखी माणसालाही मुलाचे बहुतेक बोलणे कळायला हवे. शाळेत जाणाऱ्या मुलाचे बोलणे फक्त आईलाच कळत असेल आणि ती दुभाष्याचे काम करत असेल, तर थांबू नये.

कामाची सुरुवात कानापासून करावी. एकाच ध्वनीचा फरक असलेल्या शब्दांच्या जोड्या घ्याव्यात : क आणि त साठी ‘कार–तार’, ‘नाक–नात’, ट आणि त साठी ‘टाक–ताक’, र आणि ल साठी ‘रस–लस’, ‘राख–लाख’. जाड कागदावर दोन चित्रे काढून समोर ठेवावीत. आधी मोठ्यांनी शब्द म्हणावा आणि मुलाने चित्र उचलावे. ते जमू लागले की भूमिका बदलाव्यात : मुलाने म्हणावे आणि मोठ्यांनी जे ऐकू आले तेच चित्र द्यावे. मुलाला खेळण्यातली कार हवी असताना त्याने ‘तार’ म्हटले तर शांतपणे तारेचे चित्र हातात द्यावे. ‘चुकलास’ असे म्हणण्याची गरज पडत नाही. आपण म्हटले एक आणि समोरच्याला कळले दुसरे, हे मुलाच्या स्वतःच्याच लक्षात येते. दुरुस्ती करण्याची इच्छा त्या क्षणी त्याच्याच मनात उपजते, म्हणून उच्चारांच्या सर्व युक्त्यांमध्ये मी या खेळाला पहिले स्थान देतो.

त्यानंतर ध्वनी कसा काढायचा ते आरशासमोर दाखवावे. क साठी जिभेचे टोक खालच्या दातांमागे टेकून ठेवायचे असते. ते वर उसळत असेल तर स्वच्छ चमच्याच्या दांड्याने हलकेच खाली धरावे, किंवा मुलाला उताणे झोपवून म्हणायला लावावे, म्हणजे जीभ आपसूक मागे सरकते. श साठी ओठांचा चंबू करून ‘गप्प बसा’ या अर्थाचा लांब ‘श्श्श’ काढायला सांगावा. र म्हणजे जिभेच्या टोकाने वरच्या हिरडीला दिलेला अतिशय चपळ स्पर्श. काही मुलांना ‘डडडड’ हलकेच आणि भरभर म्हणता म्हणता तो सापडतो. दोन आठवडे प्रयत्न करूनही ध्वनी निघत नसेल, तर घरी रेटत बसू नये. चुकीची सवय पक्की होते. ते काम थेरपिस्टकडूनच करून घ्यावे.

ध्वनी निघाला की पायऱ्या ठरलेल्या आहेत : सुटा ध्वनी, मग अक्षर, मग शब्द, मग दोन शब्दांची जोडी, मग वाक्य आणि शेवटी मोकळे बोलणे. अक्षराच्या पायरीसाठी आपल्याकडे बाराखडी तयारच आहे. क, का, कि, की हा सराव जगातल्या अनेक थेरपिस्टना मुद्दाम रचावा लागतो. शब्दांत तो ध्वनी आधी, मधे आणि शेवटी असे तिन्ही प्रकार घ्यावेत : कप, चाकू, नाक. वीस शब्दांपैकी सोळा ते अठरा शब्द सलग दोन-तीन बैठकांत बरोबर आले की पुढची पायरी घ्यावी, नाही तर त्याच पायरीवर थांबावे. रविवारी तासभर बसवण्यापेक्षा रोज दोनदा पाच-सात मिनिटे केलेला सराव कितीतरी फळतो. सापशिडी काढावी आणि प्रत्येक फाशाआधी तीन शब्द म्हणायचे असे ठरवावे; डाव संपेपर्यंत पन्नास-साठ उच्चार होऊन जातात आणि मुलाला ते कष्ट वाटत नाहीत.

सर्वांत अवघड टप्पा हा शेवटचा, म्हणजे सरावातला ध्वनी रोजच्या बोलण्यात येण्याचा. त्यासाठी दिवसातली एकच वेळ नेमावी. समजा सकाळी पोहे व्हायचे आहेत आणि काम क वर चालले आहे. तर मुलाला ओट्याजवळ बोलवावे आणि कांदा, कढई, कढीपत्ता, कोथिंबीर हे चार शब्द नीट म्हणायचे, इतकेच ठरवावे. मूल ‘कांदा दे’ म्हणते, तुम्ही कांदा देता. त्या पंधरा मिनिटांत या चार शब्दांकडे लक्ष असावे आणि उरलेल्या दिवसभरात त्याला एकदाही टोकू नये. दिवसभर टोकले जाणारे मूल नीट बोलायला शिकत नाही, ते कमी बोलायला शिकते.

शिट्ट्या वाजवणे, फुगे फुगवणे, मेणबत्ती विझवणे, जीभ आत-बाहेर करणे असे व्यायाम अनेक ठिकाणी महिनोन्‌महिने करून घेतले जातात. त्याने उच्चार स्पष्ट होतात याला भक्कम आधार नाही. क शिकायचा असेल तर क म्हणावा लागतो. तो वेळ शिट्टीवर घालवू नये.

शब्द, वाक्य आणि गोष्ट

उच्चार स्वच्छ असूनही भाषा अपुरी असलेली मुले नजरेतून सुटतात. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत शाळेच्या पहिल्या वर्षातल्या सुमारे ७ टक्के मुलांत, दुसरे कोणतेही कारण नसताना, भाषेचा विकार आढळला. तीस-पस्तिसांच्या वर्गात ही दोन मुले झाली. त्यांना आळशी, बेफिकीर किंवा मठ्ठ ठरवले जाते, कारण ती गप्प असतात आणि सूचना अर्धवट पाळतात.

अशा मुलाला शब्द माहीत असूनही ऐनवेळी सापडत नाही. ‘ते… ते असतं ना, सराफ्यात, गरम, दादानं खाल्लं होतं’ इथवर येऊन ते थांबते. (सराफा म्हणजे इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार.) आपण लगेच ‘गराडू?’ म्हणून मोकळे होतो. त्याऐवजी क्रमाने विचारावे : ते फळ आहे, मिठाई आहे की कंद? दिसतं कसं? कोणत्या ऋतूत मिळतं? त्याचं काय करतात? पहिलं अक्षर काय? मूल सांगते : जमिनीत येतं, वरून खडबडीत, आतून पांढरट, थंडीत मिळतं, तळून मसाला आणि लिंबू घालतात, ‘ग’, गराडू! याच पाच प्रश्नांचे एक कोष्टक वहीच्या मागच्या पानावर काढून द्यावे आणि शाळेतल्या नव्या शब्दांसाठीही तेच वापरावे. काही दिवसांनी शब्द अडला की मूल आपणच ते प्रश्न मनात फिरवू लागते.

वाक्यरचनेसाठी ‘परत म्हण’ पेक्षा परिणामकारक मार्ग म्हणजे मुलाचेच वाक्य बरोबर करून, संभाषण न तोडता, त्याला परत देणे. मूल म्हणाले, ‘काल मी मामाकडे जातो,’ तर आपण म्हणावे, ‘अच्छा, काल तू मामाकडे गेलास! गेलास तेव्हा मामा घरी होता?’ एकाच वळणाचे रूप दोन-तीनदा कानावर पडते आणि मुलाला पुढे बोलावेसे वाटते. तसेच मुलाने एक शब्द म्हटला की आपण दोन-तीन शब्द जोडावेत. परिच्छेद जोडू नये.

गोष्ट सांगता येणे ही शाळेची खरी गरज आहे, कारण उत्तर लिहिणे, प्रयोगाची कृती सांगणे, भांडण का झाले ते बाईंना समजावणे हे सगळे गोष्ट सांगण्याचेच प्रकार आहेत. मुलाने स्वतः पाहिलेली घटना घ्यावी. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, हा विषय इंदूरच्या प्रत्येक मुलाजवळ असतो. पाच चौकोन आखून त्यात मुलालाच चित्रे काढू द्यावीत : कोण-कोण गेलो, कुठे उभे राहिलो, काय झाले, मग काय केले, शेवटी काय. चित्रे पाहून पहिल्यांदा आईला सांगावे, दुसऱ्यांदा आजोबांना, आणि तिसऱ्यांदा चित्रे बाजूला ठेवून फोनवर मावशीला, कारण मावशी तिथे नव्हती आणि तिला खरोखरच माहीत नाही. दर खेपेस एकाच जोडशब्दावर भर द्यावा : आज ‘म्हणून’, उद्या ‘कारण’, परवा ‘तोपर्यंत’. ‘पाण्याचा टँकर आला म्हणून आम्ही ओट्यावर चढलो’ हे वाक्य मुलाने आपणहून उच्चारले, तर त्याची खूप मोठी मजल झाली असे समजावे. जी भाषा मुलाला अधिक येते तिच्यात सुरुवात करावी; गोष्टीचा सांगाडा एका भाषेत पक्का झाला की दुसऱ्या भाषेत तो उभा करणे सोपे जाते.

अडखळणे

सुमारे शंभरात पाच मुले कधी ना कधी अडखळतात आणि त्यांतील बहुतेकांचे अडखळणे लहानपणीच थांबते. मोठेपणी शंभरात साधारण एक जण अडखळतो. कुटुंबात आणखी कोणी अडखळत असेल, वर्षभराने कमी होण्याऐवजी वाढत असेल, डोळे मिटणे, मान झटकणे, शब्द बदलणे, बोलणे टाळणे सुरू झाले असेल, तर लगेच दाखवावे.

‘हळू बोल’, ‘आधी श्वास घे’, ‘विचार करून बोल’ हे प्रेमाने म्हटले तरी मुलाला एवढेच सांगते की तुझे बोलणे आम्हाला सहन होत नाही. बोलण्याची गती आपण स्वतःची कमी करावी, मुलाचे बोलणे संपल्यावर क्षणभर थांबून मग उत्तर द्यावे, त्याचे वाक्य आपण पुरे करू नये, आणि तो काय सांगतो आहे त्यावर प्रतिक्रिया द्यावी. घरात सगळे एकदम बोलत असतील तर पाळीपाळीने बोलण्याचा नियम सर्वांना लावावा. मुलाने विचारले तर विषय टाळू नये. ‘कधी कधी शब्द अडकतो, त्यात तुझी काही चूक नाही’ एवढे साधेपणाने सांगावे.

संध्याकाळी परवचा म्हणताना किंवा आरतीत हा मुलगा जराही अडखळत नाही, मग वर्गातच कसा अडखळतो, असा प्रश्न आजी-आजोबा हमखास विचारतात, आणि तो नाटक करतो असा निष्कर्ष निघतो. सर्वांबरोबर एका सुरात म्हणताना आणि गाताना अडखळणे जवळजवळ नाहीसे होते, हा या अडचणीचा स्वभावच आहे. शिक्षकांनी याचा उपयोग करून घ्यावा : धडा वाचायला एकट्याला उभे करण्याऐवजी जोडीने वाचायला द्यावे आणि तसे इतर मुलांनाही द्यावे, म्हणजे तो वेगळा पडत नाही. हजेरीच्या वेळी ठरलेला शब्द ठरलेल्या क्षणी म्हणायचा असतो, म्हणून ती वेळ अशा मुलाला सर्वांत कठीण जाते. त्याला एकटे बोलावून विचारावे, ‘तुला कसं सोयीचं जाईल?’ हात वर करणेही चालावे. तोंडी परीक्षेत वेळ वाढवून द्यावा आणि गुण उत्तराला द्यावेत, ओघाला नव्हे.

वर्गात

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ते तीन सेकंद थांबू लागले की मुलांची उत्तरे लांबतात व एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. भाषेच्या अडचणीच्या मुलाला तीन सेकंदही कमी पडतात. प्रश्न विचारून मनात पाच अंक मोजावेत, मग हवे तर दोन पर्याय द्यावेत. याला खर्च नाही, साधन लागत नाही, आणि सगळ्या वर्गाचा फायदा होतो.

लांब सूचनेचे तुकडे करावेत. ‘विज्ञानाची वही काढा’ झाल्यावर, वह्या निघाल्यावर, ‘पान बारा’ म्हणावे. ‘कळलं का?’ विचारले की सगळी मुले मान डोलावतात, म्हणून ‘आता काय करायचं ते मला सांग’ असे विचारावे. नवा धडा सुरू होण्याआधी त्यातले तीन-चार शब्द पालकांना कळवले, तर घरी तयारी होते : ओला रुमाल दोरीवर वाळत घालून तासाभराने हात लावून पाहिलेले मूल इव्हॅपोरेशन (बाष्पीभवन) हा शब्द वर्गात पहिल्यांदाच ऐकत असले तरी गोंधळत नाही. मूल पंखा आणि खिडकीपासून दूर, फळ्याजवळ बसावे आणि शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये. घरी भरपूर बोलणारे मूल शाळा सुरू होऊन महिना उलटला तरी शाळेत एक शब्दही बोलत नसेल, तर त्याला बक्षीस किंवा धाक दाखवून बोलते करण्याचा प्रयत्न न करता तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

कोणाकडे आणि काय घेऊन जावे

१९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला वाचा व श्रवणतज्ज्ञच निवडावा. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ मध्ये सुरू झाला, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि त्यात ऐकण्याच्या व भाषेच्या अडचणींचा समावेश आहे. सरकारी शाळेतल्या मुलाला त्या पथकाकडून जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवता येते. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारांची अपंगत्वे आहेत आणि त्यांत वाचा व भाषेचे अपंगत्वही आहे, मात्र त्याची व्याख्या शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेल्या कायमच्या अपंगत्वापुरती आहे. म्हणून साध्या उच्चारदोषासाठी प्रमाणपत्राच्या मागे धावू नये. वाचन-लेखनाची अडचणही असेल तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची तपासणी स्वतंत्रपणे मागावी.

पहिल्या भेटीला जाताना मोबाइलवर तीन लहान ध्वनिमुद्रणे न्यावीत : आजीशी मराठीत बोलतानाचे, मित्राशी हिंदीत खेळतानाचे आणि पाठ्यपुस्तक वाचतानाचे. श्रवणचाचणीचा अहवाल, एक शाळेची वही आणि वर्गशिक्षिकेने चार ओळींत लिहिलेले निरीक्षण सोबत असावे. भेट संपताना थेरपिस्टला विचारावे की या आठवड्यात घरी नेमके कोणते शब्द, कोणत्या वेळी आणि किती वेळा म्हणून घ्यायचे. आणि उत्तर मिळेल ते तिथेच वहीत लिहून, त्याची एक प्रत वर्गशिक्षिकेला द्यावी.